वेदूच्या सिनेमाची तपासणी

गुरुवार, १ मे २००३. दुपारी अडीच.
वेदू आली. मुलगा, संजीव, सकाळच्या बेंगळूर गाडीने घेऊन आला, संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. नातीचे गाल बसलेत. तिकडे खायला कोण घालतं.

नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी बोलायला नको. मागच्या मे महिन्यात वेदू इथे होती. परत गेल्यावर तीन महिने दिवा लावून आईबापांच्या मध्ये झोपायची. सुनेने, दीपश्रीने, तिला डॉक्टरकडे नेलं. कारण मला इथे बसून माहीत होतं. केबलवरची कार्टूनं. फोनवर सांगितलं, तर हूं म्हणाली. यंदा पाठवायचीच नाही असं चाललं होतं. तिकडे कसलंसं शिबिर असतं, पोहणं आणि मातीची भांडी करणं. मी चार फोन केले. चौथ्यात थोडी रडले. मग पाठवली. अट एकच, पोर नऊ वर्षांची आहे, घाबरेल असं काही नको. हा महिना नीट गेला तर दसऱ्यालाही येणार, पुढे दर सुट्टीत येणार. बिघडलं तर शिबिर. मी म्हटलं, अट कसली, माझंच मत आहे ते.

बॅगेत कपड्यांच्या खाली सिनेमाच्या दोन सीड्या निघाल्या. दीपश्रीच्या भावाने परदेशातून पाठवलेल्या. कार्टून. पाकिटावर बर्फ, एक मुलगी, एक म्हातारा कुत्रा आणि त्यांच्या मागे ताडासारखा उंच, राखेच्या रंगाचा माणूस. कोपऱ्यात बारा हा आकडा आणि अधिकची खूण. दीपश्रीला फोन लावला. म्हणाली, आई, मला बघायला वेळच झाला नाही, तुम्ही आधी बघा, योग्य वाटला तरच दाखवा. म्हणजे निर्णय माझा. मॅट्रिकला इंग्रजीत बावन्न मार्क होते हे तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

संकल्प: पुढच्या गुरुवारपर्यंत निकाल. तोवर सीड्या देवघरातल्या सोवळ्याच्या कपाटात, वरच्या फळीवर, कलशामागे. आंघोळ केल्याशिवाय त्या कपाटाला हात लावायचा नाही हा या घरचा तीस वर्षांचा नियम. कुलपाची गरज नाही.

शुक्रवार, २ मे. संध्याकाळी आठ.
तपासणीची पद्धत ठरवली. लग्न झाल्यापासून घरचा जमाखर्च मी लिहिते. सिनेमाही तसाच तपासायचा. डाव्या पानावर जमा, म्हणजे चांगलं. उजव्या पानावर नावे, म्हणजे वाईट. शेवटी बेरीज. यात भावनेला जागा नाही.

पोरीचं मन तोवर रिकामं राहू नये म्हणून दिवेलागणीला गोष्ट सुरू केली. कारल्याची भाजी ताटात टाकत होती, म्हणून आज नरकांची सांगितली. अन्न टाकणाऱ्याला कुठल्या कढईत घालतात, तेल कसं उकळतं, वर आलेल्याला झाऱ्याने परत कसं खाली दाबतात. आमच्या आजीने सांगितली होती, एक शब्द गाळला नाही. वेदू अगदी स्थिर बसून ऐकत होती. पापणी हलेना. हल्लीच्या मुलांत एकाग्रता नाही म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं. कारलं संपवलं. कढईसुद्धा चाटूनपुसून.

शनिवार, ३ मे. दुपारी चार.
पहिली तपासणी. हे वेदूला घेऊन ग्रंथालयात गेले तेवढ्यात सीडी लावली. दुर्गव्वा भांडी घासून निघाली होती, ती पण बसली. ती बसली म्हणून मी नको म्हटलं नाही. एकटीने बघायची भीती वगैरे प्रश्न नाही, दोन माणसांचं मत केव्हाही बरं.

इंग्रजी आहे. मला सगळं कळलं. बर्फाळ डोंगरात गाव. लढाई चालू, पुरुष सगळे गेलेले. मुलगी डोंगरापलीकडे टपाल पोचवते, बरोबर तो कुत्रा. घरी आजी. राखेचा माणूस रात्री दारोदार फिरतो आणि ज्याचं नाव वहीत लिहून घेतो त्याला सगळे विसरतात. त्याची नखं लांब.

जमा: मुलगी निघताना आजीला वाकून नमस्कार करते. (दुर्गव्वाचं म्हणणं, बुटाची नाडी बांधत होती. पण वाकली हे खरं.)
जमा: घरात स्वच्छता.
नावे: कुत्रा घरात, चुलीजवळ.
नावे: राखेचा माणूस.

राखेचा माणूस शेजारणीच्या दाराशी आला तेव्हा मला दूध आठवलं. आत जाऊन बघितलं. दूध गॅसवर नव्हतंच, पण खात्री केलेली बरी. बाहेर आले तोवर तो गेला होता. काय झालं ते दुर्गव्वाने सांगितलं. तिने कानडीत सांगितल्यावर मला पुन्हा दूध आठवलं.

सोमवार, ५ मे. सकाळी दहा.
एक गोष्ट मुद्दाम टिपून ठेवते. वेदू आपणहून सकाळी सहाला उठून आंघोळ करते. कालही, आजही. बेंगळूरला आठपर्यंत लोळते म्हणे. तिचं बघून हे सुद्धा. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून यांनी नऊच्या आत तांब्या उचललेला मला आठवत नाही. मी साडेसहाला मठात निघते तेव्हा दोघं स्वच्छ होऊन, केस विंचरून, देवघराच्या दाराशी उभी. मला म्हणाले, तू जा निवांत, आमची काळजी करू नकोस. डोळ्यांत पाणी आलं. घराला वळण असलं की वेगळं काही शिकवावं लागत नाही. दीपश्रीला फोनवर कळवलं. तिला आश्चर्य वाटलं. वाटणारच.

मंगळवार, ६ मे.
नळ आला. पाच दिवसांनी. तपासणी नाही.

बुधवार, ७ मे. दुपारी साडेचार.
दुसरी सीडी.

आजी मरते.

काही कारण नसताना. खाटेवर बसलेली असते, चष्मा काढून मांडीवर ठेवते आणि मरते. औषध नाही, डॉक्टर नाही, तोंडात पाणी घालायला कुणी नाही. मी ताबडतोब बंद केलं. लहान मुलांच्या सिनेमात आजी मारायचं कारण काय? मारायला दुसरं कुणी नव्हतं? मामा वगैरे?

दुर्गव्वा पदरात तोंड घालून रडली. पाप री ती मुदुकी, म्हणाली, बिचारी म्हातारी गेली. मग डोळे पुसून म्हणाली, अव्वार, पुढे लावा की, पोरीचं काय होतं बघू. मी म्हटलं, तपासणीला एवढं पुरे. ती म्हणाली, शेवट न बघता काय तपासणी री? भांडी घासणारीने मला तपासणी शिकवावी अशी वेळ अजून आलेली नाही.

नावे: आजी. याला एक ओळ पुरत नाही, चार ओळी धरल्या.

गुरुवार, ८ मे. संध्याकाळी.
आज निकालाचा दिवस. बेरीज केली. जमा नऊ, नावे नऊ. माझ्या वहीत असं होत नाही. पुन्हा बघितलं, तर जमा बाजूला "बर्फ पांढरं" दोनदा लिहिलेलं. एक खोडलं. मग वाटलं, मुलगी शूर आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहिलं. पुन्हा नऊ. निकाल पुढच्या गुरुवारवर.

गोष्ट आज राणीची. दारी आलेल्या अतिथीला तिच्या पोटच्या मुलाचंच मांस हवं असतं आणि ती हसतमुखाने, डोळ्यांतून टिपूस न काढता, मुलाचं डोकं उखळात घालून कांडते, ती. कांडतानाचं गाणं चालीवर म्हटलं. आवाज अजून लागतो माझा. शेवटी मुलगा जिवंत होतो, त्यामुळे काळजीचं काही नाही. वेदूने विचारलं, आज्जी, आपल्याकडे पाहुणे कधी येणार आहेत? अतिथीबद्दल एवढी ओढ. रात्री जेवली मात्र नाही. दुपारी आंबे जास्त झाले.

शनिवार, १० मे. सकाळी अकरा.
मठातून आले तर सीडीचा डबा गरम. हात ठेवून बघितला, चांगला इस्त्रीसारखा. करंटचा दाब वाढला असणार. संजीवला कळवायला हवं.

वेदूने चित्र काढलं. म्हातारा कुत्रा, तोंडात पाकीट. म्हटलं, हे काय गं? ती यांच्याकडे बघायला लागली. हे म्हणाले, टपाल खात्याबद्दल शाळेत शिकवतात हल्ली. बरं आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

सोमवार, १२ मे. एकादशी.
निर्जळ. चक्कर येत होती तरी तपासणी टाळली नाही. पहिली सीडी परत लावली, वेदू आणि हे झोपले असताना. राखेच्या माणसाच्या वेळी देवाचं नाव घेत डोळे मिटून बसले. उपवासात डोळ्यांना विश्रांती लागते. डोळे मिटून सुद्धा भीती वाटते की नाही हे तपासणं आवश्यकच होतं. वाटते. म्हणजे मला नाही, एखाद्या लहान मुलाला वाटू शकते.

वेदू मागच्या दारी एक सूर गुणगुणत होती. ओळखीचा वाटला. कुठलं तरी भजन.

बुधवार, १४ मे. नृसिंह जयंती. संध्याकाळी.
आज कथा उभं राहून सांगितली. बरोबर तिन्हीसांजेला, बरोबर उंबऱ्यावर. खांब कडाडून कसा दुभंगला, देवाने राजाला मांडीवर कसा आडवा घेतला, नखांनी पोट कसं टराटरा, आणि आतडी गळ्यात माळेसारखी. आतड्यांच्या जागी मी जपमाळ घेतली. वेदू भिंतीला अगदी चिकटून उभी. नंतर तिने उंबरठा ओलांडला तो लांब उडी मारून, स्वयंपाकघरातून थेट ओसरीच्या मध्यावर. उंबऱ्यावर पाय देऊ नये हे मी मागच्या वर्षीपासून सांगत होते, आज एका गोष्टीत समजलं. खांबालाही टेकत नाही आता. भिंती तेलकट व्हायच्या त्या वाचल्या.

शुक्रवार, १६ मे.
काल गुरुवार होता. निकाल लागला नाही. ग्रहणाचं मनात होतं, ग्रहणाच्या तोंडावर निर्णय घेऊ नये.

यांच्याशी थोडं वाजलं. म्हणाले, सिनेमाला वही धरतेस, तशी एकदा तुझ्या गोष्टींना धरून बघ. किती कापाकापी निघते. मी म्हटलं, तुलना तरी कशाची करायची? त्या कापाकापीला अर्थ आहे, पुण्य आहे. त्या गोष्टी ऐकून आपल्या सात पिढ्या वाढल्या. ते म्हणाले, वाढल्या, पण झोपल्या का? रेल्वेत पस्तीस वर्षं खुर्चीत डुलक्या काढलेल्या माणसाने झोपेवर बोलावं.

शनिवार, १७ मे. दुपारी.
व्यवहारी तोडगा. सीड्या पर्समध्ये घालून कोप्पीकर रोडवरच्या सीडीवाल्याकडे गेले. म्हटलं, यातला तो राखेचा माणूस आणि आजीचं मरण एवढं कापून द्या, बाकी तसंच ठेवा. त्याने लावून पाच-सात ठिकाणी बघितलं आणि म्हणाला, अक्का, तो माणूस कापला तर तुमचा पिक्चर सात मिनिटांचा राहील. सात मिनिटं पुरेत म्हटलं. तो म्हणाला, त्यातली चार मिनिटं नुसती नावंच आहेत. त्यापेक्षा देवाची एखादी सीडी न्या, चांगली चालते. आधी याच दोन निस्तरायच्या आहेत म्हटलं.

बसमध्ये मनात आलं, सात मिनिटांत कुत्रा तरी येईल का.

सोमवार, १९ मे. सकाळी.
वेदू झोपेत ओरडली, हे म्हणाले. मला जाग आली नाही. सकाळी मीठमिरच्यांची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती. ती नूडल्स खाते त्याचं आहे हे. दुर्गव्वा म्हणाली, अव्वार, पोरगी संध्याकाळ झाली की माझ्यामागे फिरते, मला घरी जाऊ देत नाही, तुम्ही गोष्ट सांगू नका की चार दिवस. मी म्हटलं, गोष्ट बंद केली तर मनात काय काय येईल. देवाचं नाव कानावर हवं. आज सौम्य घेतली. राजा स्वतःच्या मांडीचं मांस कापून पारव्याच्या बरोबर तोलून देतो, एवढीच. त्यात कुणी मरत नाही.

मंगळवार, २० मे. संध्याकाळी पाच.
निकाल लागला.

आहे तसा सिनेमा मुलांना अयोग्य. पण चांगल्या सीड्या वाया घालवणं मला पटत नाही, आणि दीपश्रीला "आईंनी दाखवलाच नाही" असं म्हणायला जागा नको. म्हणून सिनेमा शुद्ध करून घ्यायचा. आवाज बंद ठेवायचा. चित्रं चालू. आणि पुढे बसून मी सांगायचं. मठात बुवा नाही का चित्रपट्टीवर कथा सांगत. चित्र काय दाखवतं याला महत्त्व नाही, सांगणारा कोण आहे याला आहे.

कथा बसवली. आजी मरत नाही, चष्मा ठेवून काशीला जाते. कुत्रा मागच्या जन्मीचा ब्राह्मण. राखेचा माणूस म्हणजे यमाच्या दरबारातला लेखनिक, फक्त खोटं बोलणाऱ्या आणि अन्न टाकणाऱ्या मुलांची नावं लिहितो. एवढ्याने त्याची सगळी भीती निघून जाते.

दीपश्री शनिवारी येणार, रविवारी वेदूला घेऊन जाणार. तिच्यासमोरच दाखवणार. दसरा पक्का.

शुक्रवार, २३ मे.
तालीम केली, दुर्गव्वासमोर. शेवट मी अजून बघितलेला नाही, पण कथा बसली आहे, तो तिच्यात बसेल. दुर्गव्वा म्हणाली, पहिला पिक्चर बरा होता री. तिला शिक्षण नाही.

शनिवार, २४ मे. संध्याकाळी सात.
शांतपणे, घडलं तसं लिहिते.

दीपश्री दुपारी आली. चहा झाला. मी सांगितलं, तुझ्या भावाचा सिनेमा मी तीन आठवडे तपासला, आता योग्य करून दाखवते. तिला कौतुक वाटलं, तसं म्हणाली पण. चटई घातली. वेदू तिच्या मांडीला टेकून बसली, हे आरामखुर्चीत, दुर्गव्वा दाराशी. आवाज बंद केला, देवाला नमस्कार केला आणि सुरू केलं.

पहिली सीडी छान गेली. लेखनिकाबद्दल सांगताना मी त्याच्या कढईचं, झाऱ्याचं थोडं जास्त सांगितलं, रंगात आले होते. वेदूने आईचा पदर तोंडात धरला. मला वाटलं, चित्राला घाबरली.

मग आजी. मी म्हटलं, आणि मग आजी हसत हसत काशीला निघाली.

"काशीला नाही, आज्जी," वेदू म्हणाली, "ती मरते."

मी म्हटलं, नाही बाळ, यात्रेला जाते.

"मरते. मग ती मुलगी तिचा चष्मा घालून डोंगर चढते. सगळं धूसर दिसतं, म्हणून तिला राखेचा माणूस पण धूसर दिसतो. तो काही एवढा मोठा नसतो."

टीव्हीवर ती मुलगी खरोखरच चष्मा घालून चालली होती. मी हा भाग बघितलेला नव्हता. दीपश्रीने वेदूला विचारलं, तुला कसं गं माहीत? वेदूने यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

अकरा वेळा. रोज सकाळी, मी मठात गेल्यावर. साडेसहा ते आठ. एका दिवशी एक सीडी, दुसऱ्या दिवशी दुसरी, कधी कधी दोन्ही. मी विचारलं, कपाटाला हात लावलात? दोघं एकदम म्हणाली, आंघोळ करून. त्याचसाठी तर रोज सहाला आंघोळ. नियम मोडलेला नाही, हे म्हणाले, तसं काही म्हणू नकोस.

मी दीपश्रीला म्हटलं, बघितलंस? या सिनेमाने पोर झोपेत ओरडते. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने वेदूला जवळ घेतलं, भीती नाही वाटली का, विचारलं. वेदू म्हणाली, पहिल्यांदा वाटली, अज्जांचा, म्हणजे यांचा, हात धरला. मग नाही. राखेचा माणूस शेवटी दमून पायरीवर बसतो, मुलगी त्याला पाणी देते आणि त्याच्या वहीतून आजीचं नाव वाचून घेते. मग तो जातो. दीपश्रीने विचारलं, मग एकदा बघून झालं होतं, तरी अकरा वेळा कशाला?

वेदू हळू बोलली, पण घर शांत होतं.

"आज्जीची गोष्ट झाली की बघायला लागायचा. त्याच्याशिवाय ती डोक्यातून जात नाही. आज्जीच्या गोष्टीत कुणी दमून बसतच नाही."

मग तिने सगळं सांगितलं. कढई. उखळ. उंबरठा. जपमाळेसकट. चाल म्हणून दाखवली कांडण्याची, मी म्हटली होती अगदी तशी. दुर्गव्वा दाराशी बसून मान हलवत होती, जसं काही ती पंच.

दीपश्रीचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बोलता आलं असतं.

"आई, मागच्या वर्षी पण?"

मी म्हटलं, देवाच्या गोष्टींनी कुणी घाबरत नसतं. मी याच ऐकून मोठी झाले, मला काय झालं? हे खुर्चीतून म्हणाले,

"लग्नानंतर दोन वर्षं तू मागच्या दारी एकटी जात नव्हतीस. मी कंदील धरून उभा असायचो."

त्या वेळी मागच्या दारी विंचू फार होते. पण कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

रविवार, २५ मे. रात्री.
दोघी निघाल्या. टांग्याने स्टेशनवर. आंबे दिले, पेढे दिले. दसऱ्याचं मी काढलं नाही, तिनेही काढलं नाही. वेदूने वाकून नमस्कार केला. खरा, नाडीचा नाही. सीड्या तिच्या बॅगेत गेल्या. मी उंबऱ्यापर्यंत आले.

संध्याकाळी वही उघडली, सिनेमाचं पान काढलं. उजव्या बाजूला चार ओळी आजीच्या नावे. डाव्या बाजूला काही लिहावं म्हणून बराच वेळ बसले. आजी त्यात गोष्टी सांगत नाही, एवढं आठवलं. नुसती दाराशी बसून पोरीची वाट बघते. ते जमेत धरलं.

सोमवार, २६ मे.
संध्याकाळी दिवा लावला आणि सवयीने ओसरीवर बसले. समोर कुणी नाही. हे म्हणाले, मला सांग गोष्ट. मी म्हटलं, तुम्हाला झोप येईल. ते म्हणाले, तुझ्या गोष्टीने? कधीच आली नाही.

रविवार, १ जून. सकाळी साडेदहा.
दीपश्रीचा फोन आला. मी उभ्यानेच घेतला. वेदू आठवडाभर स्वतःच्या खोलीत झोपतेय, दिवा बंद करून. दसऱ्याला यायचं म्हणतेय, तिनेच विषय काढला म्हणे. दीपश्री म्हणाली, पाठवते आई, दहा दिवस. पण गोष्टी नकोत. ती वाक्य पूर्ण करायच्या आत मी हो म्हटलं.

फोन ठेवायच्या आधी वेदूला मागितलं. म्हटलं, बाळ, मी नाही सांगत आता, दसऱ्याला तूच मला एक सांग. एखादी शाळेतली, एखादी सिनेमातली.

ती म्हणाली, सांगते, पण कुठली सांगायची ते बघावं लागेल. आधी अज्जांना सांगून बघते. ते म्हणाले तुला चालेल, तरच.

बरं म्हटलं.